दोघींपैकी एकीचं यकृत

डॉक्टरबाईंनी अहवाल दोनदा वाचला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. थोरलीची नजर सवयीने त्या चष्म्यावर गेली. डाव्या काचेची कड ओबडधोबड घासलेली होती. अशी काच तिने आपल्या चष्म्याच्या दुकानातून बाहेर जाऊ दिली नसती.

"वडिलांसाठी तुमच्या यकृताचा तुकडा आम्हाला घेता येणार नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "त्यात चरबी साठली आहे, आणि थोडीथोडकी नाही."

थोरलीला वाटलं, अहवालांची अदलाबदल झाली असणार. तिने तसं बोलूनही दाखवलं. चाळिशी मागे पडली तरी तिचे हातपाय काडीसारखे होते. दारूच्या थेंबाला ती कधी शिवली नव्हती. तळलेलं, गोडधोड तिने कधीच सोडलं होतं. दुपारी जेवायची आठवण राहिली तर उकडलेल्या भाज्या, नाहीतर चहावर भागवायची.

"अदलाबदल नाही. पडद्यावर मी स्वतः पाहिलंय."

"मग ही चरबी आली कुठून?"

डॉक्टरबाईंनी तिलाच प्रश्न विचारायला सुरुवात केली. झोप कशी लागते? तुकड्यातुकड्यांत, बाबा हाक मारतील म्हणून एक कान उघडा ठेवून. जेवणाची वेळ? ठरलेली नाही. सुट्टी कधी घेता? थोरलीला हा प्रश्नच नीट कळला नाही.

"दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारखी एकेक ग्रंथी असते," डॉक्टरबाई म्हणाल्या. "माणूस ताणाखाली असला की तिथून कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक सुटतं. संकट आलंय, इंधन बाहेर काढा, असा तो निरोप. मग शरीर साठवलेली चरबी फोडतं आणि फॅटी ॲसिड रक्तात सोडतं. धावपळ, झटापट असेल तर स्नायू ती जाळून टाकतात. पण तुम्ही तर काच घासायच्या यंत्रापुढे खुर्चीत बसलेल्या. मग ती यकृतात येऊन पडतात. आणि निरोप थांबतच नसेल तर यकृताचं जाळणं मंदावतं, साठवणं वाढतं. साखरेचीही ते चरबी करायला लागतं. पेशीपेशींत थेंब भरून ठेवतं. संध्याकाळ झाली की हे कॉर्टिसॉल उतरायला हवं. तुमचं उतरत नाही. रक्तात दिसतंय ते."

"म्हणजे काळजीनेच झालं हे?"

"नुसत्या काळजीने, असं मी म्हणणार नाही. घराण्यातूनही येतं, आणखीही कारणं असतात. पण तुमच्यात ताणाचा वाटा मोठा आहे. असं यकृत तुमच्या वडिलांच्या पोटात धड काम करणार नाही, आणि उरलेला भाग तुम्हालाही पुरा पडणार नाही. मी तो धोका पत्करणार नाही." त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "घरात जवळचं आणखी कोणी आहे? रक्तगट जुळणारं?"

उत्तर थोरलीच्या जिभेवर होतं, पण ते बाहेर यायला वेळ लागला.

"एक बहीण आहे. धाकटी."

बाबांना तरुणपणी कावीळ झाली होती. ती बरी झाली असं सगळे धरून चालले, पण तिचा विषाणू यकृतात तळ ठोकून बसला आणि म्हातारपणी त्याने डोकं वर काढलं. आता त्यांचे डोळे पिवळे झाले होते, पोटात पाणी भरायचं, आणि मधूनच ते बोलता बोलता हरवायचे. चष्म्याचं दुकान त्यांनीच उभं केलेलं. पुढे काउंटर, मागे काचा घासायची खोली, तिथेच कोपऱ्यात स्वयंपाकाची शेगडी, वर राहायच्या दोन खोल्या. त्यांच्याच्याने होईना तेव्हा थोरलीने दुकान हातात घेतलं. ती गिऱ्हाइकाची नजर तपासायची, काच फ्रेमच्या मापाने घासून बसवायची, मधल्या वेळेत वर जाऊन बाबांना औषध द्यायची, आणि पोटातलं पाणी काढायची वेळ आली की दुकानाला कुलूप लावून त्यांना इस्पितळात घेऊन जायची. लग्नाचा विषय एकदोनदा निघाला होता. तो कधी बंद झाला हे तिलाही सांगता आलं नसतं.

धाकटी लग्न होऊन दुसऱ्या गावी नवऱ्याबरोबर असायची. एका तलावावर ती लहान मुलांना पोहायला शिकवायची. अंगाने भरलेली, दंड जाडजूड, हसायला लागली की शेजारच्या घरात कळायचं. ती वर्षातून दोनतीनदा यायची, सोबत खाऊची मोठी पिशवी घेऊन. दोन दिवस बाबांच्या पलंगावर मांडी ठोकून गप्पा मारायची आणि निघून जायची. ती गेल्यावर बाबा आठवडाभर तिच्या गोष्टी सांगत राहायचे. त्याच पलंगाची चादर रोज बदलणारीने त्या ऐकायच्या. थोरली ऐकायचीही. फक्त चादरीचे कोपरे जरा जास्त जोरात खोचले जायचे.

फोन केला तशी धाकटी आली. तपासण्या झाल्या. या वेळी डॉक्टरबाईंनी अहवाल एकदाच वाचला.

"उत्तम. चरबी जवळजवळ नाहीच. आकारही पुरेसा आहे."

धाकटी हसली. "बघ ताई. मला वाटलं होतं, माझं कापलं तर नुसतं तूपच निघेल."

डॉक्टरबाईही हसल्या. थोरलीने अहवाल पुढे ओढून स्वतः वाचला. ही वाट्टेल ते खाणार, उन्हं वर येईपर्यंत लोळणार, आणि हिचं यकृत उत्तम. आजवर बाबांचं जे काही केलं ते थोरलीने केलं होतं. आता ज्याने बाबा जगणार तेवढं एक धाकटीच्या वाट्याला येत होतं, आणि तेही बसल्याजागी.

बाहेर पडता पडता ती काहीतरी विसरल्याचं सांगून एकटीच मागे वळली.

"माझी चरबी कमी होऊ शकते का?" तिने डॉक्टरबाईंना दारातूनच विचारलं.

"होते. बऱ्याचदा होते. पण सावकाश."

"तयारीला तुम्हाला थोडे आठवडे लागणारच आहेत. तेवढ्यात मी केली तर?"

"तुमच्या बहिणीचं सगळं ठीक आहे. आता तुम्ही कशाला..."

"एकदा परत तपासाल ना?"

डॉक्टरबाईंनी तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. "तपासू. पण नीट जेवा आणि झोपा. तोच उपाय आहे."

त्यातलं 'तपासू' एवढंच थोरलीने ऐकलं.

दुसऱ्या दिवसापासून तिने एक वेळचं जेवण बंद केलं आणि लवकरच दुसऱ्या वेळचंही अर्ध्यावर आणलं. दूधवाला यायच्या आधी उठून ती रस्त्याच्या टोकापर्यंत धावत जायची, धाप लागली की विजेच्या खांबाला टेकायची आणि पुन्हा धावायची. धाकटी तयारीसाठी घरीच मुक्कामाला होती. ती सकाळी खाली येऊन पाव भाजायची, त्यावर लोणी फासायची आणि विचारायची, "ताई, एक तुकडा?" थोरली मान हलवायची. लोणी वितळत पावात मुरताना तिला दिसायचं आणि तिला वाटायचं, हे सगळं सरळ हिच्या यकृतात जावं. असं वाटल्याचा तिला धक्का बसायचा. तरी दुसऱ्या सकाळी ते पुन्हा वाटायचं.

वरच्या मजल्यावरून हसण्याचे आवाज यायचे. धाकटी तलावावरच्या पोरांच्या नकला करायची. एकदा थोरली औषध घेऊन वर गेली तेव्हा बाबांच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं होतं. ती दारात दिसताच ते शहाण्यासारखे उठून बसले आणि त्यांनी गोळीसाठी हात पुढे केला. जणू वर्गात बाई आल्या.

पुन्हा तपासणी झाली. थोरलीची कॉलरची हाडं वर आली होती, स्कर्टला पिन लावावी लागत होती. तिला खात्री होती.

"चरबी कमी नाही झाली," डॉक्टरबाई म्हणाल्या. "उलट यकृताला सूज आली आहे. काय केलंत तुम्ही?"

थोरलीने सांगितलं. डॉक्टरबाईंनी कपाळाला हात लावला.

"उपास काढलेत, त्यावर झोप मोडून धावलात. शरीराला वाटलं, आता तर खरंच दुष्काळ पडला. निरोप दुप्पट जोराने गेला. होती नव्हती तेवढी चरबी फुटून एकदम यकृतावर येऊन आदळली. ते कसं निस्तरणार? यकृताला धाक दाखवून काम करून घेता येत नाही हो. आता हा विषय पुरे. बहिणीची तारीख ठरवू या."

तारखेआधी एक पायरी बाकी होती. दात्यावर कोणी दबाव तर आणत नाही ना, त्याच्या मनाची तयारी आहे ना, हे पाहायला इस्पितळात एक समुपदेशक होता. हळू आवाजात बोलणारा, तरुण माणूस. तो घरच्यांनाही एकेकट्याला बोलवायचा. थोरलीला त्याने विचारलं, "तुमच्या बहिणीबद्दल काही काळजी वाटते?"

काही नाही, एवढं म्हणून तिला उठता आलं असतं.

"ती कुठलीच गोष्ट शेवटाला नेत नाही," थोरली म्हणाली. आवाज इतका शांत होता की तिचा तिलाच तो पटला. "कॉलेज अर्ध्यावर सोडलं. दोन नोकऱ्या सोडल्या. आत्ता हसतेय, पण ऐन वेळी मागे फिरेल. तिच्यावर विसंबू नका, एवढंच सांगते."

त्या माणसाने वहीत ते लिहून घेतलं. मग त्याने तिचे आभार मानले.

तारीख पुढे गेली. धाकटीला पुन्हा दोनदा बोलावणं आलं. त्या आठवड्यात बाबांच्या पोटातलं पाणी परत काढावं लागलं, आणि एका दुपारी त्यांनी थोरलीलाच विचारलं, "बाई, दुकान बंद व्हायची वेळ झाली का?" त्यांनी तिला ओळखलं नव्हतं. थोरली जिन्यात जाऊन बसली. ती रडली नाही.

धाकटी इस्पितळातून आली ती सरळ मागच्या खोलीत. थोरली काच घासत होती.

"ताई, मी ऐन वेळी पळून जाईन, असं तू सांगितलंस?"

"त्यांनी विचारलं."

"यंत्र बंद कर आधी."

थोरलीने यंत्र बंद केलं. खोली एकदम गप्प झाली.

"कॉलेजचं कोणाला माहीत असणार, तूच ना," धाकटी म्हणाली. "खोटं नाही सांगितलंस. मी सोडते. तुलाही इथे एकटीला सोडून गेले. पण इथे बाबांचा जीव जातोय आणि तू त्यात दिवस घालवलेस. का?"

थोरलीने हातातली काच मऊ कापडावर ठेवली. "मला द्यायचं होतं."

"मग मी काय हिसकावून घेतलं?"

"हो." हा शब्द इतक्या चटकन आला की दोघीही दचकल्या. "सगळं मी केलं. त्यांना आंघोळ मी घातली, ओकारी मी पुसली, त्यांच्या शिव्या मी खाल्ल्या. तू येतेस, चार नकला करतेस, आणि त्यांचा चेहरा उजळतो. आता तर तू त्यांच्या पोटातच जाऊन बसणार. कायमची. मी उद्या काहीही केलं तरी त्याच्यापुढे काय असणार आहे?"

धाकटीने स्टूल ओढलं आणि ती बसली. बसल्यावर ती लहान दिसायला लागली.

"रोज सकाळी मला ओकारी होते," ती म्हणाली. "भीतीने. नळ सोडून ठेवते, तुला ऐकू जाऊ नये म्हणून. पोट इथून इथपर्यंत फाडणार आहेत माझं. तलावावरच्या पोरांना परत उचलता येईल का, माहीत नाही. नवऱ्याला सांगितलं तर तो मला न्यायलाच येईल, म्हणून त्यालाही मी मजेत आहे असंच सांगते."

"मग सारखी हसतेस कशाला?"

"या घरातली काळजी सगळी तू उचललीस ना. मी चिमूटभर मागितली तरी द्यायची नाहीस. मला उरलं काय? हसवणं. तेवढंच येतं मला इथे."

गोष्टीत असं काही ऐकल्यावर माणूस विरघळतो. थोरली विरघळली नाही. तिला धाकटीच्या त्या भीतीचाही हेवा वाटला, त्या रोजच्या ओकारीचाही. आपल्याला ती मिळायला हवी होती, असं वाटलं. पण समोर बसलेली बाई घाबरलेली आहे, हे तिला दिसलं. तिने चहा टाकला. दोघींनी तो तिथेच बसून घेतला.

संध्याकाळी बाबा चांगले शुद्धीवर होते. थोरली त्यांची नखं कापत होती.

"डॉक्टरबाईंनी सांगितलं मला," ते म्हणाले. "तुझं नाही चाललं ते. बरं झालं."

नेलकटर थांबलं. "बरं झालं?"

"धाकटीचं घ्यायला मला काही वाटणार नाही. तिने आजवर दिलंय काय मला? देऊ दे की एकदा. तुझं घेतलं असतं तर तुझ्यासमोर कुठल्या तोंडाने बसलो असतो मी?"

"म्हणजे मी जास्त केलं, ही माझी चूक."

"तुझी कशी? मी कधी पुरे म्हटलं नाही, ती माझी." त्यांनी हात मागे घेतला आणि तो डोळ्यांवर ठेवला. "तू वर आलीस की मला लाज वाटते गं. कशी सांगू ती? धाकटी आली की वाटत नाही. एवढंच आहे ते. तुला वाटतं, तिच्यावर जीव जास्त आहे."

थोरलीला राग आला होता, आणि त्या रागाच्या खाली कुठेतरी, खूप दिवस आवळून धरलेली मूठ सुटावी तसं काहीतरी सैल झालं होतं. तिने त्यांचा हात परत मांडीवर घेतला आणि राहिलेली नखं कापली.

दुसऱ्या दिवशी दुकान न उघडता ती समुपदेशकाकडे गेली.

"मी बहिणीबद्दल जे सांगितलं ते घडलेलं होतं," ती म्हणाली. "पण ती मागे फिरणार नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं."

"मग का सांगितलंत?"

"मत्सर," थोरली म्हणाली. हा शब्द तिने स्वतःबद्दल कधी उच्चारला नव्हता. तोंडातून बाहेर पडल्यावर तो वाटला त्यापेक्षा लहान निघाला. "आणि ती फार घाबरली आहे. ते ती तुम्हाला सांगणार नाही. तिच्या नवऱ्याला बोलावून घ्या. ती रागावेल, पण बोलवा."

नवरा आला. धाकटी रागावली, मग त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून मनसोक्त रडली आणि तरीही तिने सही केली. शस्त्रक्रियेच्या दिवशी बाप आणि लेक पाठोपाठ आत गेले. बाहेरच्या बाकावर थोरली आणि मेहुणे बसले होते. मेहुण्यांनी आणलेला पाव तिने खाल्ला, लोण्यासकट. धाकटी जाताना म्हणाली होती, "ताई, बेशुद्धीत मी काही बरळले तर मनावर घेऊ नकोस." थोरलीला काहीतरी चांगलं बोलायचं होतं, पण तिच्या तोंडून निघालं, "केस नीट टोपीत घाल."

बाप-लेक दोघंही वाचले. वाटेत ताप, नळ्या, एक वाईट आठवडा आला आणि गेला. बाबांच्या डोळ्यांतला पिवळेपणा उतरला. धाकटीच्या पोटावर एक लांब व्रण आला, आणि तो ती विचारणाऱ्याला आणि न विचारणाऱ्यालाही दाखवायची. दुकानात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक म्हणायचं, "धाकट्या लेकीने बापाला जन्म दिला म्हणायचं." थोरली चष्म्याच्या दांड्या सरळ करत म्हणायची, "हो ना." दर वेळी तिला ते टोचायचं. पण आता ते टोचतंय हे तिला कळायचं, आणि गिऱ्हाईक गेलं की ती एक ग्लास पाणी पिऊन पुढच्या काचेला हात घालायची.

दुकानात तिने मदतीला एक बाई ठेवली. बाबा आता आपली औषधं आपणच घेत होते, त्यामुळे जिन्यावरच्या फेऱ्या थांबल्या. दुपारी ती जेवायची आणि जेवल्यावर पडायची. सुरुवातीला नुसती छताकडे बघत पडायची. मग एकदा झोप लागली आणि उठली तेव्हा दिवे लागले होते. तिला कोणीच उठवलं नव्हतं.

ऋतू बदलला तेव्हा डॉक्टरबाईंनी तिला तपासणीला बोलावलं. "सूज गेली. चरबी बरीच उतरली आहे. आता विचारलं असतंत तर मी कदाचित हो म्हटलं असतं."

"आता कोणाला द्यायचं ते?"

"कोणालाच नाही. वापरा की तुम्हीच."

घरी येऊन तिने धाकटीला फोन लावला आणि सगळं सांगितलं. पलीकडे आधी पाण्याचा आणि पोरांचा गोंगाट ऐकू आला, मग तेच ते मोठ्ठं हसणं.

"छान. म्हणजे माझं उरलेलं बिघडलं की तुझा नंबर."

"गप्प बस," थोरली म्हणाली, पण तिलाही हसू आलं. काचा घासायच्या खोलीत एकटीच उभी राहून ती हसली.

"धाकटीचा फोन का?" वरून बाबांचा आवाज आला. जिन्यावर त्यांची पावलं वाजली. आता ते आपणहून खाली उतरायचे. "दे इकडे. मला बोलायचंय तिच्याशी."

"देते," थोरली म्हणाली. मग ती दाराकडे पाठ करून खिडकीपाशी गेली आणि फोनवर म्हणाली, "आणखी काय? तुझं सांग. व्रण अजून दुखतो का?"